वरची रेघ

पुणे, जानेवारी

प्रिय तेजूताई,

फोनवर तू लगेच विचारतेस आणि मला लगेच उत्तर द्यावं लागतं, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. पोस्टानं पाठवीन. मळवलीच्या पोस्टातून वर लोहगडवाडीला पोचायला त्याला वेळ लागेल, आणि मधेच माझं मन बदललं तरी ते परत घेता येणार नाही. मला हे सोयीचं वाटतं.

तुझ्या धम्मदीपच्या नामकरणाला मी आले नाही. आई सांगत होती, तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "अनघीला आकडा चुकल्याची लाज वाटतीय, म्हणून तोंड दाखवत न्हाई." आईनं ते तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. तेव्हा आधी तेवढ्याचंच लिहिते. मला लाज वाटलेली नाही आणि आकडा चुकलेला नाही. चार बाळांमागे एक बाळ श्वासाच्या यंत्रावरून सुटून घरी जाईल असा अंदाज असतो, तेव्हा ते एक बाळ कुणाच्या तरी घरी असतंच. ते तुमच्या घरी निघालं. मला बरं वाटलं. हे वाचून तू म्हणशील, बरं वाटलं म्हणे, जशी काही सर्दी गेली. माझी वाक्यं अशीच असतात, तुला माहीत आहे. न येण्याचं कारण वेगळं आहे. ते मी शेवटी लिहीन, कारण आधीचं सगळं ओळीनं सांगितल्याशिवाय ते मला सांगता येणार नाही.

जुलैत मी वाडीला आले होते तेव्हा तुला सातवा चालू होता. तू बांधावर बसून भाताच्या रोपांच्या मुठी बांधत होतीस आणि तुझ्या सासूबाई, धोंडामावशी, खाचरातून ओरडून सांगत होत्या, "लय गुणाचं हाय पोरगं, आईला तरास नगं म्हनून पोटात हालत बी न्हाई." सगळे हसले. मीही हसले. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी पोटात पाणी जास्त आहे असं सांगितलं होतं, त्यावर मावशींचं म्हणणं होतं की दिवसभर पाण्यात उभं राहिलं की पाणी भरणारच. आपल्याकडे बहुतेक गोष्टींचा दोष पाण्याला आणि थंडीला देतात. बाळ हालत नाही आणि पाणी जास्त आहे, या दोन गोष्टी माझ्या कामात शेजारशेजारच्या रकान्यांत येतात. त्या दिवशी त्या माझ्यासमोर शेजारशेजारच होत्या आणि मला त्यात काही दिसलं नाही. मी सुट्टीवर होते.

मग ऑगस्टअखेर दाजींचा फोन आला. "अनघा, बाळ रडलंच न्हाई गं." मी विचारलं, श्वासाची नळी घातली का, वजन किती, आणि पाय आतल्या बाजूला वळलेत का. मग दाजी म्हणाले, "वळल्यात. तुला कुनी सांगितलं?" मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या वेळेपासून मी जे काही केलं ते नीट केलं. अॅम्ब्युलन्स, पुण्यातल्या हॉस्पिटलातली जागा, तुझ्यासाठी खाट. सिझरनंतर तू शुद्धीवर यायला फार वेळ घेतलास, तेही मी विचारून घेतलं आणि लक्षात ठेवलं.

मी काय काम करते ते तुला कधी नीट सांगितलं नाही, आणि तूही "कंप्युटरवर बाळांचं कायतरी करती" एवढ्यावर लोकांची बोळवण करायचीस. काम असं आहे. काही बाळं जन्मतःच ढिली असतात. हात उचलून सोडला तर तो पडतो, दूध ओढता येत नाही, श्वासाला जोर नसतो. त्यातल्या काहींचा आजार आईबापांकडून आलेला असतो. अशा बाळांच्या जुन्या नोंदी घेऊन नव्या बाळाचं पुढे काय होईल याचा आम्ही अंदाज बांधतो. मशीन सुटेल का, गिळता येईल का, बसेल का. तो अंदाज घरच्यांना डॉक्टर सांगतात, मी नाही. माझ्यापर्यंत फक्त ओळी येतात, एका बाळाची एक ओळ. त्या ओळीत एक रकाना आईचा असतो. आईनं घट्ट धरलेली वस्तू तिला लगेच सोडता येते का? मी त्यात 'हो', 'नाही', 'तपासलं नाही' असं भरत होते. बहुतेक वेळा 'तपासलं नाही' असायचं. आणि रविवारी तुमच्या टपरीवर येऊन तुझ्या हातची भाकरी खात होते, परातीची कड सोडायला तू वेळ लावतेस ते बघत होते, आणि सगळ्यांबरोबर म्हणत होते की तेजूच्या हातातनं काही सुटत नाही.

पुण्यात आणल्यावर दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडम बाळाला बघून सरळ तुझ्या खाटेपाशी आल्या. त्या बाळांच्या विभागाच्या प्रमुख. त्यांनी तुझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, घट्ट दाब, आता पटकन सोड. तू सोडलास, पण बोटं मागाहून सुटली, एकेक करून. तू हसलीस. "थंडीनं व्हतं मॅडम असं. आमच्या मावळात समद्यांचंच." वॉर्डात पंखे जोरात फिरत होते आणि सगळ्यांना घाम येत होता. मावशी लगेच तुझ्या बाजूनं उभ्या राहिल्या, "व्हय तर. लावणीला गार पान्यात हात घालून घालून बायांची बोटं आखडत्यात. माजीबी आखडत्यात." मॅडमनी मावशींनाही हात दाबायला लावला. मावशींचा हात झटक्यात सुटला. मावशींना ते आवडलं नाही. "परत बगा की," म्हणाल्या.

मग मॅडमनी आईवडिलांचं विचारलं, आणि तुला बोलवत नव्हतं म्हणून मी सांगितलं. आईचं काही नाही. वडील, भिकाजी. मोतीबिंदू चाळिशीतच, दोन्ही डोळ्यांत. दिवसा झोप. बोलणं जड. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मृत्यू अचानक, बसल्या जागी. मॅडम लिहीत गेल्या. मी सांगत असताना मला अण्णा दिसले असं म्हणणार नाही. मला मळवलीच्या त्या बंगल्याचा व्हरांडा दिसला. अण्णांनी त्या बंगल्याची देखरेख किती वर्षं केली, आणि मालकांच्या तोंडी त्यांचं नाव कायम 'झोपाळू' होतं. शनिवारी पाहुणे आले की हळूच विचारायचे, हा पितो का? अण्णांनी कधी थेंबाला हात लावला नाही, त्यांची जीभ जड पडायची. आईसुद्धा म्हणायची, "उटा आता, बागेतलं गवत काय सपनात काढनार?" आणि शेवटच्या दुपारी ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलेले असताना मालक त्यांच्या बाजूनं फाटकापर्यंत जाऊन आले, गाडीतल्या पिशव्या स्वतः उचलून आत नेल्या, वर काहीतरी बोललेसुद्धा. भिकाजी झोपलेला असणं ही तिथे रोजचीच गोष्ट होती. चहाच्या वेळेला उठवायला मला पाठवलं.

मॅडम म्हणाल्या, वडिलांनाही हाच आजार असणार. हा स्नायूंचा असतो तसा हृदयाच्या ठोक्यांचाही असतो. त्यावर तू एवढंच म्हणालीस, "म्हंजे अण्णा आळशी नव्हते." आणि मग माझ्याकडे बोट केलंस, "मग हिचं काय?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. बापाकडून मुलीला येण्याची शक्यता अर्धी असते, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मी म्हणाले, आत्ता बाळाचं बघू. रक्ताचा रिपोर्ट नंतर आला तो नुसता शिक्का होता. आपल्या प्रत्येकाच्या जनुकांत एके ठिकाणी तीन अक्षरांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. बहुतेकांमध्ये तो थोडक्यात आटोपतो. आपल्या घरात आटोपत नाही. बापाकडून लेकीकडे, लेकीकडून तिच्या बाळाकडे जाताना तो लांबत जातो, आणि आईकडून येताना फारच लांबतो. म्हणून अण्णा लग्न करून, दोन मुली वाढवून पन्नाशीपर्यंत गेले, तू लावणी करून भाकऱ्या थापतेस, आणि धम्मदीपला पहिला श्वास घेता आला नाही. तो आजार तिघांचा एकच आहे.

आता तो कागद. त्यावरून वाडीत काय काय बोलतात ते आईकडून कळतं, म्हणून जसं झालं तसं लिहिते. पाचवीच्या दिवशी मावशी डबा घेऊन आल्या आणि डब्याच्या पिशवीतून एक घडी केलेला कोरा कागद आणि दाजींचं निळं पेन काढलं. बाळाच्या उशाशी कोरा कागद ठेवायचा, सटवाई येऊन त्यावर नशीब लिहून जाते, हे आपल्या घरात आजोबांच्या वेळीच सुटलेलं. त्यांच्याही घरात सुटलेलं. तू पडल्यापडल्या त्यांच्यावर चिडलीस, "आत्या, आपन बुद्धवंदना म्हननारी मानसं, ह्ये काय आनलंय?" मावशी म्हणाल्या, "मी कुटं मानती? पर कागुद ठेवाया काय जातंय. आली तर आली." बाळाच्या विभागात पिंकी सिस्टर होती, कामशेतची. तिनं सांगितलं, बाहेरचा कागद आत चालणार नाही, जंतू असतात. मग मावशींनी तो तुझ्या उशाशी ठेवला. "आईपाशी ठिवला म्हंजे तिला कळंल की, बाळ कुटं हाय त्ये," म्हणाल्या, आणि डबा धुवायला खाली गेल्या.

तेवढ्यात दाजी डॉक्टरांना भेटून आले. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. "तू मराठीत सांग," म्हणाले. मी घरच्यांशी कधी बोलत नाही, मला त्याची सवय नाही. मला कागद लागतो. उशाशी होता. मी तो उलगडला, पेन घेतलं, आणि काढून दाखवलं. आडवे महिने, उभी जगलेली बाळं. एकाच ठिकाणाहून निघणाऱ्या दोन रेघा. वरची, मशीन सुटलेल्या बाळांची, थोडी उतरते आणि मग सरळ जाते. खालची, मशीन न सुटणाऱ्यांची, उतरतच जाते. बाजूला लिहिलं की आमच्याकडच्या नोंदींवरून याच्यासारख्या चार बाळांमागे एक वरच्या रेघेवर जातं. अक्षर सुबक काढलं, सवयीनं.

मावशी दारात डबा निथळवत उभ्या होत्या. आधी त्यांना कळलं नाही, मग माझ्या हातातलं पेन दिसलं. "अगं पोरी," त्या म्हणाल्या, "त्यो कागुद सटवाईचा व्हता." दाजी खाली वाकून पेनाचं टोपण शोधायला लागले, ते माझ्या दुसऱ्या हातातच होतं. मग मावशी तुझ्या पायाशी टेकल्या आणि म्हणाल्या, "बरं. ती न्हाई तर न्हाई. ही निदान शिकल्याली हाय. काय ल्हिलंस त्ये वाच."

मी वाचलं. चारांमागे एक. "चार कोन?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, समजा याच्यासारखी चार बाळं असली तर. "पर आमच्याकडं चार कुटं हायती? आमच्याकडं एकच हाय." याला उत्तर आहे. मी ते शिकलेले आहे आणि परीक्षेत लिहिलेलं आहे. तिथे मला ते सांगता आलं नाही. मावशींनी विचारलं, चांगली रेघ कोणची. मी बोट ठेवलं. त्यांनी पेन मागितलं, उलथनं धरतात तसं मुठीत धरलं आणि वरची रेघ गिरवली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग परत, मग परत, कागद दुसऱ्या बाजूनं फुगेपर्यंत. त्यांना लिहायला येत नाही, तुला माहीत आहे. आमच्या नोंदी दोन वर्षांपलीकडे जात नाहीत, म्हणून मी रेघ तिथे थांबवली होती. मावशी थांबल्या नाहीत. त्यांनी ती कागदाच्या कडेपर्यंत नेली.

नंतर पिंकी सिस्टर आली, कागद उचलून बघितला आणि म्हणाली, हा डॉक्टरांचा आहे का? मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "डाक्टरनीचाच हाय." तो मग बाळाच्या फाइलला लागला आणि आत गेला. कोरा होता तोवर त्याला जंतू होते. हे तू आणि मावशी अजून हसून सांगता म्हणे. मलाही त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळतं.

सप्टेंबर संपला, मशीन सुटलं नाही. जितके दिवस जातात तितकी सुटण्याची शक्यता कमी होते. मी अंदाज पुन्हा केला होता. तो तुला माझ्याकडून कळला नाही, पण मॅडम बोलल्या त्यावरून तू ओळखलंस. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, गळ्याला भोक पाडून तिथे नळी बसवायची आणि मशीन घरी न्यायचं, कदाचित कायमचं. दुसरी, तोंडातली नळी काढून बघायचं, आणि त्याला जमलं नाही तर पुन्हा न घालता त्याला तुझ्या मांडीवर द्यायचं. दाजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तू मला विचारलंस, "माज्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?" मी म्हणाले, "मी अंदाज सांगते, सल्ला देत नाही."

ते वाक्य बरोबर आहे. आमच्याकडे नवीन येणाऱ्यांना मीच ते शिकवते. आकडा सांगणाऱ्यानं वाट दाखवली की लोक आकडा ऐकत नाहीत, नुसते वाटेनं जातात, आणि पुढे जे होतं ते त्यांचं राहत नाही. तू माझ्या तोंडाकडे बघितलंस. मग म्हणालीस, "पोराचं मरान सांगताना तुज्या तोंडावरची रेघसुदा हलली न्हाई, अनघे. तू बाहेरचीच हायस." मी पिशवी घेतली आणि ऑफिसला गेले. दुपारी डबा खाल्ला. डब्यात काय होतं तेही मला आठवतं, मेथीची भाजी होती.

नळी काढायची हे तू ठरवलंस. मला कळवलं नाहीस. मला ते बाळाच्या ओळीतून कळलं. ओळीवर नाव नसतं, पण गाव असतं, आणि लोहगडवाडी माझ्या नोंदींत एकच आहे. 'नळी काढली. मास्क लावला. श्वास स्वतःचा.' मी खुर्चीतून उठले, पाणी प्यायले आणि परत बसले. आणखी काही केल्याचं मला आठवत नाही.

आता तो घरी आहे. जागा असताना आपला आपण श्वास घेतो, झोपला की मास्क लागतो, दूध नाकातल्या नळीनं जातं. त्याला 'मशीन सुटलं' म्हणायचं की नाही यावर ऑफिसात बरीच चर्चा झाली, आणि शेवटी एक नवा रकाना केला. सध्या त्या रकान्यात तो एकटाच आहे. दाजींनी रिसॉर्टवर वायरिंग करकरून कमावलेली सगळी अक्कल लावून वाडीत इन्व्हर्टर बसवला. आई सांगते, गडावर जाणारी पोरं टपरीवर मोबाइल चार्ज करायला मागतात आणि मावशी त्यांना हाकलतात, "ती लाइट नातवाची हाय, तुमी घरनं भरून आनायची." आईनं नामकरणाचा व्हिडिओ पाठवला. त्यात तो रडतो आहे. आवाज बारीक येतो आणि चेहरा जवळजवळ तसाच राहतो. मावशी म्हणतात, "भिकाजीभाऊवर गेलाय. रागावलाय का खूश हाय, कळंल तर शप्पत." मागून तुझा आवाज येतो, "न्हाईतर अनघीवर." सगळे हसतात. मोबाइल हलतो, छताची कौलं दिसतात, व्हिडिओ संपतो. तो मी पुष्कळदा पाहिला.

ताई, तू ते टोमणा म्हणून बोललीस, पण ते बरोबर आहे. तू नळी काढलीस त्याच आठवड्यात मी माझं रक्त तपासायला दिलं होतं. नामकरणाच्या आधी रिपोर्ट आला. मलाही आहे. त्या तुकड्याचा आकडा तुझ्यापेक्षा थोडा कमी आहे. त्या आकड्यावरून माझं पुढे काय होईल हे फारसं सांगता येत नाही, हे मला इतर कुणाहीपेक्षा चांगलं माहीत आहे, आणि तरी मी ते सांगता येतं का हे करून बघितलं. हृदयाची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घेतली, ती सध्या ठीक आहे. तुझी दरवर्षी काढायची आहे, मावशी काही म्हणोत. मी नामकरणाला आले असते तर तू बाळ माझ्याकडे दिलं असतंस, आणि परत घेताना माझी बोटं तुला दिसली असती. काय बघायचं ते आता तुला कळतं. मला ते पाहुण्यांसमोर नको होतं. आईला अजून सांगितलेलं नाही, ते आपण दोघी मिळून सांगू. ऑफिसात मला थंड म्हणतात, आणि मी तो माझा स्वभाव समजून त्याच्यावर खूशही होते. आता त्यातला स्वभाव किती आणि स्नायू किती, हे मला वेगळं काढता येत नाही. त्या दिवशी वॉर्डात माझा चेहरा हलला नाही. आत काही हलत नव्हतं, असं मात्र नाही. तू विचारलं होतंस, मी असते तर. मीही नळी काढली असती. हा सल्ला नाही, होऊन गेलेल्या गोष्टीवर सल्ला देता येत नाही. आता तू मला एक सांगायचंस. इथे सकाळी गारठा असतो, लिहून झालं की पेन बोटांतून सुटत नाही, म्हणून हे पत्र तुकड्यातुकड्यांनी लिहिलं आहे. टपरीवर पहिली भाकरी थापायच्या आधी तू चुलीसमोर बसून हातांचं काहीतरी करतेस. उघडतेस, मिटतेस, धगीवर धरतेस, पुन्हा उघडतेस, आणि त्यानंतर हात चालतात. मी ते इतकी वर्षं बघितलं आणि कधी विचारलं नाही. फोनवर सांगू नकोस, मला तसं समजणार नाही. पत्र पोचलं की आईला नुसतं 'मिळालं' म्हण. त्याच्या पुढच्या रविवारी मी वाडीला येते. मला शेजारी बसवून दाखव.

तुझीच, आणि अण्णांचीही,
अनघा